ट्रॅक्टर व कृषी अवजारांच्या रंगावरील ओरखडे : वेळीच दुरुस्ती, गंजापासून संरक्षण

ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणी यंत्र किंवा फवारणी यंत्र यांवरील रंग हा मुख्यतः शोभेसाठी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. त्यामुळे इंजिनातील तेल, गाळण्या, बेअरिंग आणि ग्रीस यांकडे काटेकोरपणे लक्ष देणारा शेतकरीही रंगावरील ओरखड्याकडे सहसा दुर्लक्ष करतो. वास्तविक रंग हे पोलादी पत्र्याचे पहिले व बहुतांश ठिकाणी एकमेव संरक्षक कवच असते. हे कवच जेथे तुटते, तेथून गंजाचा शिरकाव होतो. खत-बी पेरणी यंत्राच्या खतपेटीत गंजाचे पापुद्रे सुटू लागले की ते खतासोबत खाली उतरून नळ्या तुंबवतात. एखाद्या ओळीला खत मिळत नाही आणि ऐन वापशावर यंत्र थांबवावे लागते. नखाएवढ्या ओरखड्याची परिणती अशा प्रकारे पेरणीच्या खोळंब्यात होऊ शकते. ओरखड्याची दुरुस्ती गावपातळीवर, साध्या साहित्यात आणि थोड्या खर्चात कशी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

रंगाची रचना

यंत्रावरील रंग एकाच थराचा नसतो. कारखान्यात पत्रा स्वच्छ करून त्यावर प्रथम फॉस्फेटचा रासायनिक लेप दिला जातो. त्यावर प्रायमर आणि त्यावर अंतिम रंग असतो. मोटारगाडीसारख्या वाहनांत रंगाच्या वर आणखी एक पारदर्शक थर असतो, त्यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. अनेक ट्रॅक्टर व बहुतेक अवजारांवर असा पारदर्शक थर नसून अंतिम रंगच सर्वांत वर असतो. मोटारगाडीवरील सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरते. वहीच्या एक-दोन कागदांइतक्या जाडीवर पत्र्याचे आयुष्य अवलंबून असते, हे लक्षात घेतल्यास ओरखड्याचे गांभीर्य ध्यानात येईल.

आपल्या यंत्रावर पारदर्शक थर आहे किंवा नाही, हे ओळखण्याची सोपी पद्धत आहे. न दिसणाऱ्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या सुती कापडाने थोडे कंपाउंड घासावे. कापडाला यंत्राचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही असे समजावे.

शेतीतील यंत्रे लवकर का गंजतात?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज निर्माण होतो. पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर ही क्रिया कितीतरी वेगाने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही आतून उचलतो. बाहेर लहानसा फुगवटा दिसतो, तेव्हा रंगाखाली गंज बराच पसरलेला असतो.

शेतीतील यंत्रांना इतर वाहनांच्या तुलनेत अधिक प्रतिकूल परिस्थितीला तोंड द्यावे लागते. रासायनिक खते हवेतील ओलावा शोषून घेतात. ३० अंश सेल्सिअस तापमानास हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया ओलावा धरू लागतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ८४ टक्के आहे. पावसाळ्यात बहुतेक भागांत, आणि किनारपट्टीवर वर्षातील बराच काळ, हवा याहून दमट असते. अशा वेळी यंत्रावर राहिलेला खताचा कण पाणी ओढून घेतो व क्षाराचा तीव्र थेंब तयार होतो. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड पोलादाला विशेष घातक ठरते.

द्राक्ष, सुपारी व इतर बागांमध्ये बोर्डो मिश्रण वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबे चढते व लोखंड झिजते, हा प्रयोग शाळेत सर्वांनी पाहिलेला असतो. चुना कमी पडलेल्या मिश्रणाचे शिंतोडे ओरखड्यावर पडले की तेथे हीच क्रिया घडते. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीत आम्लधर्मी रस व पाचटाचा ओला थर साचतो. कोकण, गोवा, केरळ किंवा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर खारी हवा असते. भातखाचरात चिखलणी करताना चाकांनी उडवलेले खडे मडगार्डच्या आतील बाजूचा रंग टवकवतात. प्रदेश व पीक बदलले तरी गंजाची सुरुवात रंग तुटलेल्या जागीच होते.

प्रथम निदान

दुरुस्तीपूर्वी ओरखडा किती खोल आहे हे निश्चित करावे. यंत्र धुऊन, सावलीत वाळवून पुढीलप्रमाणे पाहणी करावी.

१. वरवरचा ओरखडा : आडवे नख फिरवल्यास अडकत नाही. ओरखड्यावर पाणी लावले असता तो तात्पुरता दिसेनासा होतो. येथे केवळ वरचा थर खरवडलेला असतो व पत्रा सुरक्षित असतो.

२. प्रायमरपर्यंतचा ओरखडा : नख अडकते व आत करडा किंवा तांबूस असा वेगळा रंग दिसतो, परंतु धातूची चकाकी दिसत नाही. येथे गंज लागलेला नसला तरी प्रायमर सच्छिद्र असल्याने तो उघडा ठेवणे धोक्याचे असते.

३. पत्र्यापर्यंतचा ओरखडा : धातूची चकाकी किंवा ताज्या गंजाची नारिंगी रेघ दिसते. याची दुरुस्ती पुढील हंगामापर्यंत लांबवू नये.

४. फुगलेला अथवा पोपडे सुटलेला भाग : स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहावे. पत्रा भक्कम असल्यास आवाज खणखणीत येतो. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर तो आतून खाल्ला गेला आहे असे समजावे. तेथे रंगकाम व्यर्थ असून कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडावा लागतो.

बॉनेट किंवा मडगार्ड फायबर अथवा प्लॅस्टिकचे असल्यास गंजाची भीती नसते. मात्र त्यावर साधा रंग टिकत नाही. प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर आधी द्यावा लागतो.

वरवरच्या ओरखड्याची दुरुस्ती

यंत्र सावलीत उभे करावे. पत्रा तापलेला असताना काम करू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने भाग धुवावा. धूळ राहिल्यास घासताना नवे ओरखडे उमटतात. स्वच्छ सुती कापडावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन केवळ ओरखड्याच्या जागी, हलक्या हाताने, थोडा वेळ घासावे व पुसून पाहावे. आवश्यक तेवढीच पुनरावृत्ती करावी. ओरखडा पूर्ण नाहीसा करण्याच्या अट्टाहासाने उरलेला थरही घासला जातो. बॉनेटच्या कडा व उठावदार रेषा यांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे विशेष काळजी घ्यावी. शेवटी मेणयुक्त पॉलिशचा एक हात द्यावा.

दंतमंजनाची पेस्ट लावल्याने ओरखडा जातो असे सांगितले जाते. पेस्टमध्ये अतिसूक्ष्म घर्षक कण असल्याने अगदी पुसट रेषा काही प्रमाणात कमी होतात, परंतु खोल ओरखड्यावर तिचा उपयोग नाही. ट्रॅक्टर डिझेलने पुसण्याची प्रथा मात्र टाळावी. त्याने येणारी चमक अल्पकाळ टिकते, तेलकट थरावर धूळ चिकटते, रबरी भाग खराब होतात आणि पुढे त्या जागी दिलेला रंग धरत नाही.

पत्र्यापर्यंत गेलेल्या ओरखड्याची दुरुस्ती

साहित्य : तारेचा ब्रश, ८० ते १२० क्रमांकाचा पॉलिश पेपर, ३२० क्रमांकाचा पेपर, ४०० ते ६०० क्रमांकाचा वॉटर पेपर, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, मिनरल टर्पेंटाइन, स्वच्छ सुती कापड, झिंक फॉस्फेटयुक्त प्रायमर, यंत्राच्या मूळ छटेचा रंग आणि लहान ब्रश किंवा स्प्रे कॅन. मूळ छटेचा रंग बहुधा यंत्राच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे मिळतो.

पहिली पायरी – स्वच्छता : खत, चिखल व साबण पाण्याने पूर्ण धुऊन भाग वाळवावा. नंतर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने तेल-ग्रीस पुसून काढावे. हे घासण्यापूर्वी करावे. अन्यथा ग्रीस पेपरने घासून पत्र्यातच जिरवले जाते.

दुसरी पायरी – गंज काढणे : तारेच्या ब्रशने सुटा गंज व पोपडे काढावेत. नंतर ८० ते १२० क्रमांकाच्या पेपरने, कोरडेच घासून, पत्रा चकचकीत होईपर्यंत साफ करावा. गंज रंगाखाली पसरलेला असतो, म्हणून ओरखड्याभोवतीचा दोन-तीन सेंटीमीटर भागही तपासावा व जेथे रंग घट्ट आहे तेथपर्यंत जावे. खड्ड्यांत राहिलेला गंज घासून निघत नसल्यास फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरावे. अशी द्रावणे गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करतात. परंतु पोपडे सुटणाऱ्या जाड गंजावर ती लावून उपयोग होत नाही.

तिसरी पायरी – कडा उतरत्या करणे : ३२० क्रमांकाच्या पेपरने जुन्या रंगाची कड घासून क्रमशः पातळ करावी. बोट फिरवल्यास पायरी जाणवू नये. ही पायरी तशीच राहिली तर तेथे नवा रंग पातळ बसतो आणि त्याच जागी पुन्हा तुटतो.

चौथी पायरी – प्रायमर : घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण घामातील क्षार गंजाला निमंत्रण देतात. भाग पुन्हा टर्पेंटाइनने पुसून, पूर्ण वाळल्यावर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, प्रायमरचा हात द्यावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवल्यास दवाने त्यावर नवा गंज चढतो. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. पत्र्यात खळगा असल्यास प्रायमर वाळल्यानंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी, घासून समतल करावी व तिच्यावर पुन्हा प्रायमर द्यावा. लांबी ओलावा शोषते, म्हणून ती उघडी ठेवू नये.

पाचवी पायरी – अंतिम रंग : प्रायमर वेष्टनावर दिलेल्या वेळेइतका, साधारणतः रात्रभर, वाळू द्यावा. ४०० ते ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने हलके घासून, पाणी पुसून भाग पूर्ण कोरडा करावा. शेजारच्या भागावर टेप व वर्तमानपत्र लावावे. स्प्रे कॅन २० ते २५ सेंटीमीटर अंतरावर धरून, हात सतत सरकता ठेवून, दोन-तीन पातळ हात द्यावेत. दोन हातांमधील अवधी प्रत्येक रंगासाठी निराळा असतो, तो वेष्टनावर पाहावा. जाड हात दिल्यास रंग ओघळतो आणि आतून वाळत नाही. वरून कोरडा दिसणारा रंग आत कच्चाच असतो. किमान आठवडाभर त्यास खत, पॉलिश किंवा जोराच्या पाण्याचा संपर्क होऊ देऊ नये.

जुन्या सिंथेटिक रंगावर तीव्र थिनर असलेला नवा रंग दिल्यास खालचा थर सुरकुततो व उचलला जातो. म्हणून न दिसणाऱ्या जागी प्रथम चाचणी घ्यावी. जस्तलेपित पत्र्याच्या खतपेटीवरही साधा रंग चिकटत नाही. जस्तासाठीचा विशेष प्रायमर वापरल्याशिवाय ते काम करू नये.

रंगकामाची योग्य वेळ

सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असताना किंवा पत्र्यावर दव असताना रंग देऊ नये. हिवाळ्यात सकाळी दहानंतर व दुपारी तीनपूर्वी काम पूर्ण करावे. पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील धुक्याचे दिवस टाळावेत. महाराष्ट्रात पावसाळा संपल्यानंतरचा कोरडा काळ आणि फेब्रुवारीपासून पुढचे महिने या कामास अनुकूल असतात. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलींची दुरुस्ती गाळप हंगामानंतर लगेच करावी. पावसाळाभर उघडा राहिलेला पत्रा पुढील हंगामापर्यंत थांबत नाही.

कोठे रंग देऊ नये?

- ग्रीस निपल, श्वासनलिका, रेडिएटरच्या जाळ्या, पीटीओ शाफ्टचे दाते व हायड्रॉलिक सिलिंडरचा चकचकीत दांडा यांना रंग लागू देऊ नये.
- नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती यांसारख्या मातीत चालणाऱ्या भागांवर रंग टिकत नाही. हंगाम संपल्यावर ते धुऊन, वाळवून त्यांवर ग्रीस किंवा तेलाचा थर द्यावा.
- सायलेन्सरवर साधा रंग जळतो. तेथे उष्णतारोधक रंगच वापरावा.
- चासी व इंजिन क्रमांक घासू नयेत किंवा रंगाखाली झाकू नयेत. धोक्याच्या सूचनांची चित्रे जपावीत.
- ट्रॉलीवरील परावर्तक पट्ट्या – मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या – रंगाने झाकू नयेत. रात्रीच्या वाहतुकीत त्यांवर इतरांचे प्राण अवलंबून असतात.
- नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा रंग नमूद असतो. ओरखड्याच्या दुरुस्तीस अडचण नाही. संपूर्ण वाहनाचा रंग बदलावयाचा असल्यास परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

बॅटरीखालील पत्र्याकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे आम्लाचे थेंब गळतात. बॅटरी काढून, खाण्याच्या सोड्याचे द्रावण ओतून आम्ल निष्प्रभ करावे, पाण्याने धुवावे आणि मगच वरील पायऱ्यांनी रंग द्यावा. वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरीच्या जोडण्या आधी सोडवाव्यात. इंधनटाकीवर गावपातळीवर वेल्डिंग कदापि करू नये.

माणसे व जनावरे यांची सुरक्षितता

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांमधील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनुसार ९० भाग प्रतिदशलक्ष इतके मर्यादित करण्यात आले व ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु यंत्रांवरील औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुन्या ट्रॅक्टरवरील रंग तर त्यापूर्वीचा असतो. म्हणून जुना रंग घासताना निघणारी धूळ शिसेयुक्त असू शकते, असे गृहीत धरूनच काम करावे. लहान मुले व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. धूळ उडू नये म्हणून उघडा पत्रा सोडून इतर भाग ओला करून घासावा आणि तोंडावर योग्य मास्क बांधावा. काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज खाऊ-पिऊ नये.

गुरांना रंगाचे पोपडे व रंगवलेले पृष्ठभाग चाटण्याची सवय असते आणि शिशाची विषबाधा गुरांत प्राणघातक ठरते. त्यामुळे गोठ्यात, गव्हाणीजवळ किंवा वैरणीच्या ढिगाशेजारी रंग घासू नये. खाली ताडपत्री अंथरावी, पोपडे व धूळ गोळा करून बंद डब्यात ठेवावी. उकिरड्यावर, शेणखतात किंवा पाण्याच्या प्रवाहात टाकू नये.

हार्डनर मिसळावयाच्या द्विघटक रंगांमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्यामुळे दम्याचा कायमचा विकार जडू शकतो व साधा मास्क त्यास रोखू शकत नाही. असे रंग घरी न फवारता सुसज्ज कार्यशाळेतच द्यावेत. थिनर व टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहेत. कामाच्या जागी विडी, चूल व ठिणगी नसावी आणि हवा खेळती असावी.

पुन्हा ओरखडे पडू नयेत म्हणून

खत पेरणी झाल्यावर त्याच दिवशी खतपेटी रिकामी करून धुवावी व वाळवावी. फवारणीनंतर यंत्राची बाह्य बाजूही धुवावी. धुतलेले पाणी विहीर किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नये. यंत्रे खतांच्या गोदामात उभी करू नयेत. हवा न खेळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये यंत्र गच्च गुंडाळल्यास आत ओलावा कोंडतो. त्यापेक्षा छप्पर व खालून वारा असलेली जागा चांगली. ट्रॉलीत अवजारे टाकताना खाली जुने रबर किंवा पोती अंथरावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

अवजार बँका व भाडेतत्त्वावरील सेवा केंद्रांमधील यंत्रे अनेकांच्या हातून जातात आणि ओरखड्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. अशा केंद्रांवर प्रत्येक यंत्राची नोंदवही ठेवून, यंत्र परत आल्यावर तेल-ग्रीससोबत रंगाची पाहणीही नोंदवण्याची पद्धत रुजवावी. हंगामानंतरच्या शिबिरात एकाच खतपेटीच्या दोन ओरखड्यांवर प्रात्यक्षिक घ्यावे : एकावर गंज न काढता थेट रंग द्यावा, दुसऱ्यावर वरील पाचही पायऱ्या पूर्ण कराव्यात. पावसाळ्यानंतर त्याच शेतकऱ्यांना ती पेटी दाखवावी. यंत्र देखभालीचे सविस्तर प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना केंद्र शासनाच्या बुदनी, हिसार, अनंतपूर व विश्वनाथ चारियाली येथील कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थांची माहिती द्यावी.

खरीप पेरणीपूर्वी यंत्राची तपासणी करताना नट-बोल्ट, साखळ्या व नळ्या यांच्या यादीत ‘रंग व गंज’ ही एक ओळ जोडावी. तिच्यासाठी लागणारा अर्धा दिवस मे महिन्यात सहज काढता येतो. पेरणीच्या दिवसांत तो मिळत नाही.